हुकअपशिवाय वाळवंटात चार रात्री: बॅटरीच्या आधी पाण्याचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहता, आई-बाबा पुण्याहून आले आहेत. नाताळच्या सुट्टीत २८ फुटी मोटरहोम भाड्याने घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात चार रात्री राहायचंय, तेही कॅम्पग्राउंडमध्ये नाही तर मोकळ्या सरकारी जमिनीवर, जिथे विजेचा खांब नाही, नळ नाही आणि सांडपाण्याची जोडणीही नाही, म्हणजे हुकअप नाहीत. माणसं सहा, त्यातली दोन लहान. बाबांना झोपताना सीपॅप, म्हणजे श्वास अडू नये म्हणून हवा देणारं यंत्र, लागतं. तुम्ही विचारलंय, गाडीच्या बॅटऱ्या चार रात्री पुरतील का, आणि त्यासाठी सोलर पॅनल विकत घ्यावं का.

पॅनल घेऊ नका. बॅटऱ्या चार रात्री पुरणार नाहीत, पण त्या पुरायची गरजही नाही, कारण या मापाच्या भाड्याच्या मोटरहोममध्ये सहसा जनरेटर असतो. तुमचं घोडं अडणार आहे ते पाण्यापाशी. त्यातही प्यायच्या पाण्यापेक्षा वापरून झालेल्या पाण्यापाशी. आम्ही दोघं नवरा-बायको फिनिक्सजवळ राहतो आणि हिवाळ्यात जमेल तेवढे दिवस असेच मोकळ्यावर काढतो. आजूबाजूला देशी कुटुंबं येतात, त्यातली जी दोन दिवसांत गाशा गुंडाळतात ती बहुतेक टाकी भरली म्हणून गुंडाळतात. अंधारात बसावं लागलं म्हणून परत गेलेलं कुणी फारसं आठवत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या गाडीवर आणि करारावर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालते का? बहुतेक करारांत डांबरी सोडून जायला मनाई असते, कॅम्पपर्यंतचा छोटा तुकडा तेवढा चालतो. जनरेटरचे तास फुकट आहेत की ताशी पैसे? फ्रिज प्रोपेनवर चालतो की फक्त बॅटरीवर? बॅटऱ्या शिशाच्या आहेत की लिथियम? ताज्या पाण्याची, ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची) आणि ब्लॅक (संडासाची) या तिन्ही टाक्या किती गॅलनच्या? फोनवर हे विचारलं की समोरचा कधीकधी ‘बघून सांगतो’ म्हणतो. बघू द्या त्याला. खाली मी जे आकडे धरते ते या मापाच्या गाडीत सर्रास दिसणारे आहेत. तुमचे वेगळे असतील तर तुमचे घालून हिशेब पुन्हा मांडा.

तर पाणी. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलन धरू, म्हणजे १५० लिटर. सहा माणसं गुणिले चार दिवस म्हणजे २४ माणूस-दिवस. १५० ला २४ ने भागा: माणशी दिवसाला सव्वासहा लिटर. यात तोंड धुणं, आंघोळ, भांडी, संडास, स्वयंपाक सगळं आलं. घरी नुसत्या शॉवरखाली उभं राहून दोन मिनिटांत याहून जास्त पाणी जातं. प्यायचं पाणी तर या हिशेबात धरायचंच नाही. वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन प्यायचं पाणी बाळगा असं इथली राष्ट्रीय उद्यानं सांगतात. डिसेंबरमध्ये तेवढं पिऊन होत नाही, पण हवा इतकी कोरडी असते की तहान लागल्याचं कळत नाही, आणि ज्येष्ठ मंडळी तर ‘उगाच उठायला लागतं’ म्हणून मुद्दाम कमी पितात. त्यामुळे ते पाणी वेगळं न्या, पाच गॅलनच्या जारमध्ये. जार गाडीत खाली आणि मध्यभागी ठेवा, मागच्या टोकाला नको.

आता तेच पाणी बाहेर कुठे जातं ते बघा. सिंक आणि शॉवरचं पाणी ग्रे टाकीत, संडासाचं ब्लॅक टाकीत. दोन्ही साधारण ३० गॅलनच्या, म्हणजे ११३ लिटरच्या. ब्लॅक टाकीला भागलं तर माणशी दिवसाला पावणेपाच लिटर येतात. आपल्याकडे तांब्या लागतोच, तो वापरू नका असं मी अजिबात सांगणार नाही. उलट ब्लॅक टाकीला पाणी हवंच असतं. ज्या टाकीत नुसता कागद आणि कमी पाणी, तिथे संडासाच्या बरोबर खाली ढीग साचून घट्ट होतो आणि मग तो निघता निघत नाही. फक्त तांब्या अर्ध्या लिटरचा ठेवा आणि संडासात पाणी सोडणारं पेडल किती वेळ दाबून धरायचं ते मुलांना शिकवा. त्यांना ते पेडल म्हणजे खेळणं वाटतं. एवढं करूनही सहा माणसांत ब्लॅक टाकी तिसऱ्या दिवशी काठाला येईल.

म्हणून माझा सल्ला असा: सलग चार रात्री एका जागी काढायचा बेत सोडा. दोन रात्री, तिसऱ्या सकाळी दोन्ही टाक्या रिकाम्या करणं आणि ताजं पाणी भरणं, मग पुढच्या दोन रात्री. एवढा एक थांबा घातला की वरचे सगळे आकडे दुप्पट होतात आणि आईंना भांडी धुताना अपराधी वाटत नाही.

गाडीतल्या बटणांच्या फलकावरचे दिवे टाकी किती भरली ते दाखवतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. आत कुठे कागद चिकटला की रिकामी टाकीसुद्धा दोन-तृतीयांश भरलेली दिसते. ब्लॅकसाठी खात्रीचा उपाय म्हणजे विजेरी घेऊन पेडल दाबून आत बघणं. पाणी चकाकताना जवळ दिसायला लागलं की वेळ झाली. ग्रे टाकी भरली की ती शॉवरच्या जाळीतून वर येऊन स्वतःच सांगते.

ग्रे पाणी वाचवायचं तर सुरुवात ओट्यापासून होते. धुण्याआधी प्रत्येक ताट-पातेलं कागदाने पुसायचं, तेल आणि हळद टाकीत जाऊच द्यायची नाही. टाकीला वास येतो तो या तेलाचा. पत्रावळी न्या, इथे त्याची लाज बाळगू नका. कुकर जरूर न्या. खिचडी, वरण-भात, पिठलं, एवढ्यावर चार दिवस निघतात. कुकरच्या तळाशी उरलेलं गरम पाणी फेकायचं नाही, खरकटी भांडी विसळायला तेच वापरायचं. पोळ्या घरून अर्ध्या भाजून न्या. धपाटे, दशम्या तर चार दिवस आरामात टिकतात, आपल्या आज्या उगाच नाही त्या प्रवासाला बांधून द्यायच्या. वाटण घरी करून गोठवा, म्हणजे मिक्सरही नको. कडधान्यं मोड आणूनच घ्या, भिजवायचं-धुवायचं पाणी घरच्या नळाचं जाऊ द्या. तळण मात्र बंद. पुऱ्या तळल्याचा वास त्या २८ फुटांत दुसऱ्या दिवशीही असतो आणि गाडी परत करताना स्वच्छतेचे पैसे कापले जातात ते वेगळे.

आंघोळीला शॉवरपेक्षा आपली पद्धत भारी: छोटी बादली आणि लोटा. चार लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. गरम पाणी नळाला येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते पातेल्यात धरा आणि चहाला वापरा. रोज सगळ्यांनी आंघोळ करायचा आग्रह आई धरतील. दिवसाआड ठरवा, नाहीतर गावात पैसे देऊन शॉवर मिळतो तिथे न्या.

काही जण ग्रे पाणी रात्री हळूच जमिनीवर सोडून देतात. करू नका. ज्या जागा मी खाली सुचवतेय तिथे त्याला मनाई आहे. शिवाय उष्टं-खरकटं पाणी सोडलं की सकाळी मुंग्या आणि संध्याकाळी कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी.

आता वीज. गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात: इंजिनची एक आणि घराची, म्हणजे राहायच्या भागातले दिवे-पंप चालवणारी, एक जोडी. घराची जोडी संपली तरी गाडी सुरू होते, ही काळजी आधी डोक्यातून काढा. घराच्या शिशाच्या जोडीची क्षमता साधारण २०० ते २२० अँपिअर-तास (एक अँपिअर वीज तासभर खेचली की एक अँपिअर-तास), त्यातली निम्मीच वापरायची. त्याखाली वारंवार नेली की ती लवकर मरते. म्हणजे हाताशी १०० अँपिअर-तास आहेत.

रात्रीचा खर्च मांडू. सगळ्यात मोठा खाऊ म्हणजे फर्नेस, गाडी आतून गरम ठेवणारं यंत्र. लोकांना वाटतं तो प्रोपेनवर चालतो, बॅटरीशी काय संबंध. ज्वाला प्रोपेनची, पण हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर, आणि तो सात-आठ अँपिअर खातो. रात्रीचे दहा तास धरले आणि त्यातला निम्मा वेळ तो चालला तर ३५ ते ४० अँपिअर-तास गेले. बाबांचं सीपॅप, दमटपणासाठी लागणारा त्याचा गरम पाण्याचा भाग बंद ठेवून, १५ ते २५. तो भाग चालू ठेवलात तर हा आकडा सहज दुप्पट होतो, म्हणून निघण्याआधी घरी दोन रात्री बाबांना त्याशिवाय झोपवून बघा. त्यांना ते सोसतं का हे डॉक्टरांनाही विचारा. यंत्राला थेट १२ व्होल्टवर चालवणारी वायर मिळते, ती आत्ताच मागवा. इन्व्हर्टरमधून फिरवून आणण्यात वीज वाया जाते. उरलं ते दिवे, पाण्याचा पंप, गॅसचा अलार्म आणि प्रोपेनवरच्या फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, सगळं मिळून १५-२०. बेरीज ६५ ते ८५ च्या घरात जाते. एक रात्र निघते, दुसरी नाही. फ्रिज बॅटरीवरचाच असेल तर पहिली रात्रही ओढाताणीची.

हा खर्च सोलरने भरून काढायचा म्हटलं तर नाताळच्या आठवड्यात सूर्य साथ देत नाही. मी खाली सुचवतेय त्या ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ३३ अंशच वर येतो, आणि दिवस जेमतेम दहा तासांचा. छपरावर आडवं ठेवलेलं १०० वॉटचं पॅनल त्या दिवसांत २० अँपिअर-तासांच्या आसपास देतं. तुम्हाला असे चार हवेत, वर कंट्रोलर, वायरी, आणि भाड्याच्या गाडीत काहीही जोडायला मालकाची परवानगी. स्वतःची गाडी घ्याल तेव्हा मी सोलरचं कौतुक करायला बसेन. आमच्या छपरावर आहे आणि आम्ही दोघंच असल्याने ते पुरतं.

तुमच्यासाठी जनरेटर. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक-दीड. सकाळचे तास महत्त्वाचे, कारण तेव्हा बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि वीज भराभर घेतात. शिशाची बॅटरी म्हणजे अरुंद तोंडाची घागर: पहिला अर्धा भाग झटकन भरतो, शेवटचा पाव भाग थेंबाथेंबाने. तो पाव भाग भरायला जनरेटर तासन् तास चालवण्यात अर्थ नाही. त्या दोन तासांतच फोन, टॅब्लेट, मायक्रोवेव्ह, आईंची इलेक्ट्रिक शेगडी, काय हवं ते उरकून घ्या. पेट्रोल तासाला अर्ध्या गॅलनच्या आसपास जातं. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पितो, आणि टाकी पावभर उरली की त्याची नळी उघडी पडून तो आपोआप बंद होतो, म्हणजे तुम्हाला गावापर्यंत जायला पेट्रोल उरावं म्हणून. तरी टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पेट्रोल कोलोराडो नदी ओलांडून ॲरिझोनात शिरल्यावर भरा, कॅलिफोर्नियापेक्षा स्वस्त पडतं.

एक गोष्ट भाडेकरूंना कुणी सांगत नाही. जनरेटर सुरू होतो तो घराच्या बॅटरीवर. ती पार झोपली तर जनरेटरचा स्टार्टर नुसता टकटक करतो. अशा वेळी इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, किंवा ड्रायव्हरच्या बाजूला दोन्ही बॅटऱ्या क्षणभर जोडणारं बटण असतं ते दाबून धरून जनरेटर सुरू करा. गाडी ताब्यात घेताना ते बटण कुठे आहे ते दाखवायला सांगा.

बॅटरी उतरल्याचं पहिलं लक्षण पहाटे चारला कळतं. फर्नेसचा पंखा फिरतोय पण हवा गार येतेय. आत हवेच्या झोताने दाबला जाणारा एक पातळ पत्र्याचा स्विच असतो. पंखा पुरेशा जोरात फिरला नाही तर तो दाबला जात नाही आणि ज्वाला पेटत नाही. पंखा बिचारा फिरत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतो. अशी गार हवा लागली तर थर्मोस्टॅट बंद करा आणि पांघरुणात शिरा. म्हणूनच घराच्या बॅटरीचे व्होल्ट रात्री झोपताना आणि सकाळी जनरेटर लावायच्या आधी बघा. स्थिर असताना १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. जनरेटर चालू असताना १३ च्या वर दिसतं, ते चार्जरचं व्होल्टेज आहे, त्यावर खूश होऊ नका. बॅटऱ्या लिथियम निघाल्या तर हे आकडे लागू नाहीत, त्यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलत नाही. त्या गाडीत टक्के दाखवणारा मीटर असतो, तोच बघायचा.

फर्नेसवर खर्च कमी करणं हाच बॅटरी वाचवायचा खरा मार्ग. त्या भागात डिसेंबरात दिवसा १८-२० सेल्सिअस असतं आणि रात्री पाच-सहापर्यंत उतरतं. ढग नाहीत, दमटपणा नाही, सूर्य गेला की तासाभरात स्वेटर. थर्मोस्टॅट रात्री ६० फॅरनहाइटवर, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअसवर ठेवा. त्यावर जाड रजया, आणि आई-बाबांच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. पिशवीतलं पाणी सकाळी कोमट असतं, त्यानेच भांडी धुता येतात. ड्रायव्हरच्या केबिनच्या काचा म्हणजे मोठी गळती. तिथे जाड चादर किंवा चटई क्लिपांनी अडकवा. गाडी उभी करताना पुढची काच दक्षिणेकडे ठेवा, दुपारभर ऊन आत येतं आणि संध्याकाळचा पहिला तास फर्नेस लागत नाही.

शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कितीही थंडी वाजली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाक करतानाही छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. जनरेटर झोपताना चालू नको, आणि त्याचा धूर झुडपाकडे, मातीच्या उंचवट्याकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून नको. गाडी घेताना कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण स्वतः दाबून आवाज ऐका.

जागेबद्दल. पहिल्यांदाच जाताय, ज्येष्ठ आणि मुलं बरोबर आहेत, तर एकांताच्या मागे लागू नका. क्वार्टझसाइटच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा (मोकळ्या सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्रीय खातं) मोठा हिवाळी मुक्कामाचा इलाका आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा त्याचा हंगाम. परवाना घ्यावा लागतो, १४ दिवसांचा किंवा अख्ख्या हंगामाचा, पण त्यात टाक्या रिकाम्या करायची सोय, पाणी आणि कचरा टाकायची जागा तिथेच मिळते. तिसऱ्या सकाळचा तुमचा थांबा मग अर्ध्या तासाचा होतो. गावाच्या आसपास फुकट राहायच्या जागाही भरपूर आहेत, प्लोमोसा रोड, डोम रॉक रोड वगैरे. तिथे १४ दिवस राहता येतं, पण पाणी-सांडपाण्यासाठी गावात पैसे मोजून जावं लागतं. अर्व्हाइनहून आय-१० ने सव्वादोनशे मैलांच्या आसपास. हॉस्पिटल उत्तरेला पार्करला, ३५ मैलांवर. आई-बाबांच्या प्रवास विम्याचे कागद आणि औषधांची यादी पुढच्या कप्प्यात ठेवा, आणि पोहोचलात की जागेचे अक्षांश-रेखांश घरच्या कुणाला तरी पाठवा. वाळवंटात ‘त्या मोठ्या निवडुंगापासून डावीकडे’ असा पत्ता रुग्णवाहिकेला उपयोगाचा नाही.

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान सुचवणारे भेटतील. सुंदर आहे, पण ते बरंच उंचावर आहे, नाताळात रात्री पाणी गोठतं आणि उद्यानात गाडी कुठेही लावून राहायला बंदी आहे. कॅम्पच्या जागा त्या आठवड्यात केव्हाच संपलेल्या असतात. क्वार्टझसाइट समुद्रसपाटीपासून जेमतेम २७० मीटर. थंडीत जितकं खाली तितकं बरं.

जागा निवडताना गाडी रस्त्यावर उभी करून आधी चालत जाऊन बघा. २८ फुटी गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो आणि छोट्या खळग्यातही घासतो. वाळू मऊ असेल तर आत जाऊच नका. जिथे आधी कुणी राहिल्याच्या खुणा आहेत, दगडांचं चुलाण आहे, तिथेच लावा, नवी वाट पाडू नका. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या जनरल पॅटनने याच पट्ट्यात सैनिकांना रणगाड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात. या जमिनीची खपली लवकर धरत नाही. कोरड्या ओढ्यात कधीच नाही, इथे त्याला वॉश म्हणतात. तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, झाडांची सावली असते, मोह होतो. पाऊस वीस मैलांवरच्या डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्यापाशी येतं. गाडी समतल हवी, चाकांखाली ठोकळे घाला. प्रोपेनचा फ्रिज तिरका राहिला तर गार होत नाही आणि बिघडतोसुद्धा. गाडीच्या बाहेर सावलीसाठी उघडायची ताडपत्री रात्री आणि फिरायला जाताना गुंडाळूनच ठेवा. इथला वारा दुपारी काहीच नसताना पाच मिनिटांत उठतो, आणि ताडपत्रीची मोडकी दांडी ही भाड्याच्या गाडीवरची महागडी दुरुस्ती.

मुलांसाठी एक कंगवा खिशात ठेवा. चोया नावाचा निवडुंग आहे, दिसायला लोकरीच्या गोळ्यासारखा मऊ. नुसता स्पर्श झाला तरी त्याचा अख्खा गोळा तुटून अंगाला चिकटतो. हाताने ओढलात तर हातही अडकतो. कंगव्याचे दात गोळा आणि कातडी यांच्या मध्ये सरकवायचे आणि झटका देऊन बाहेर उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने. साप त्या थंडीत बहुतेक बिळात असतात, तरी रात्री बाहेर बूट घालूनच आणि विजेरी घेऊन.

कंटाळा येईल अशी भीती आई-बाबांना असेल तर गावातल्या स्मशानातली हाय जॉलीची समाधी दाखवा. दगडी पिरॅमिड, वर पत्र्याचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला, नाव हाजी अली. मुंबईचा नव्हे.

थोडक्यात तुमचा दिवसाचा क्रम असा. सकाळी व्होल्ट बघा, जनरेटर दोन तास, त्यातच नाश्ता आणि चार्जिंग. दिवसा फर्नेस बंद. जेवण अंधार पडायच्या आत, कारण नंतरची रात्र चौदा तासांची असते. संध्याकाळी तास-दीड तास जनरेटर, आठच्या आधी बंद. शेजारी दूर असला तरी आवाज वाळवंटात लांबपर्यंत जातो. तिसऱ्या सकाळी टाक्या: हातमोजे घालून आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. ब्लॅकचा वाल्व मधल्या काळात पूर्ण बंद. गाडी देणारा हे सगळं करून दाखवतो तेव्हा मोबाइलवर चित्रण करून ठेवा, आणि जनरेटरच्या तासांच्या मीटरचा फोटो जाताना-येताना दोन्ही वेळा काढा.

परतीच्या वाटेवर ब्लाइथला कॅलिफोर्नियाचा शेतमाल तपासणी नाका लागतो. संत्री, लिंबं, झाडावरून तोडलेली कुठलीही फळं विचारतात आणि काढून घेतात. तुमच्या परसातल्या कढीपत्त्याची डहाळी तर जातानाही नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर राहते आणि तुमच्या ऑरेंज काउंटीतून ताजी पानं बाहेर न्यायला निर्बंध आहेत. पानं घरीच तेलात कुरकुरीत परतून, मोहरी-हिंगाची फोडणी बाटलीत भरून न्या. पिठल्याला तीच उपयोगी पडेल.